माशांपायी मांडव

बसा असे, पंख्याखाली. कॉफी माझ्याकडून. घाई असेल तर आत्ताच उठा, कारण ही गोष्ट अर्धी ऐकून गेलेला माणूस बाजारात जाऊन उरलेली अर्धी स्वतःची लावतो! आमच्या आयर इतम गावात तिची आता इतकी पिल्लं झालीत की एकात तर मी स्वतःच मेलोय. खरी गोष्ट माझ्या तोंडून ऐका. मार मी खाल्लाय!

मी बून हुआत. कोळंबीच्या नूडल्स परततो. अख्ख्या पेनांग बेटावर माझ्यासारख्या कुणी परतत असेल तर त्याला आणा, कढई त्याच्या डोक्यावर ठेवतो. पण माझा खरा हात कढईत नाही, पाण्यात आहे! मासा पाळावा तर हुआतनं. माझ्या टाकीतला मासा आजारानं मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. नातवंडं बघून!

पण डिस्कस माझ्याकडे नव्हते. डिस्कस बघितलाय? बशीएवढा गोल, चपटा, अंगावर निळ्या-लाल नक्षीच्या रेघा, आणि तोंड असं की दिवाळसणाला आलेला जावई रुसून बसलाय. आमच्याकडं ते वाढवावेत खेंग हो काकानं. हा म्हातारा मासा विकत नाही, देतो. तेही घर बघून. आधी तुमच्याकडं येतो, टाकीत बोट बुडवतो, बोट चाटतो, मग ‘बघू’ म्हणतो. सोनाराला त्यानं दोनदा नकार दिलाय. पोरगी खपवणं सोपं, पण खेंग होचा मासा पदरात पाडून घेणं अवघड.

एकदा कॉफीच्या दुकानात, सगळ्यांदेखत, मी बोललो, “काका, तुमचे मासे द्या मला. माझ्या हातातून खाल्लं नाही तर नाव बदलीन!”

म्हाताऱ्यानं कप ठेवला. “देतो सहा. रविवारी दुपारी येईन. नुसते जिवंत चालायचे नाहीत, खाताना दिसले पाहिजेत. नाही दिसले तर बादली घेऊनच येतोय. गल्लीदेखत परत नेईन.”

“बादली घरीच ठेवा!”

“पाणी कोमट ठेव. उजेड कमी. त्यांच्या तोंडात तोंड घालून बसू नकोस. बाकी काही करू नकोस.”

आता मला सांगा, ‘काही करू नकोस’ हे माणसाला जमतं का? मला तर आईच्या पोटात जमलं नव्हतं. म्हणून सातव्या महिन्यात बाहेर पडलो!

मासे आणले. पिशवी टाकीत तरंगवली, वाटी वाटी पाणी घालत त्यांना सवय केली, मग हळूच सोडले. आणि काय सांगू! सहाच्या सहा काळे पडले. निळं गेलं, लाल गेलं, जळक्या भाकरीसारखे झाले. सगळे एका कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. एक तर आडवाच! कोळंबीचा खिमा घातला, तो तळाला जाऊन बसला. कुणी बघितलंसुद्धा नाही.

स्यू किम, माझी बायको, आत उखळात मिरच्या कुटत होती. धप्! सहाही मासे एकदम दचकले.

“कुटणं बंद!” मी ओरडलो. हळू आवाजात ओरडलो.

“मग चटणी?”

“चावून कर!”

तिनं मुसळ माझ्याकडं रोखून धरलं, पण कुटणं थांबवलं. मग मी घरात कायदेच केले. चपला नाहीत. भांडी नाहीत. शिंक आली तर अंगणात. आईचा टीव्ही बंद.

शेवटचा कायदा महागात पडला. माझी आई दिवसभर टीव्हीवरच्या मालिका बघते आणि त्यातल्या सुनांना सल्ले देते. तिला मी सांगितलं, “आई, आवाज न करता बघ की. नुसती चित्रं.”

“म्हणजे ती बाई कशाला रडते ते मला कसं कळणार?”

“कुठल्याही मालिकेत सासूमुळंच रडते!”

झालं. शनिवारी पहाटेच पिशवी भरली. “जिथं टीव्ही बोलतो तिथं चालले,” म्हणाली आणि गेली इपोहला, मावशीकडं. गल्लीत कुणाला सांगितलंही नाही. रागात होती ना.

घर एकदम शांत झालं. आणि मासे? तसेच! काळे, कोपऱ्यात, तोंड भिंतीकडं. मी म्हटलं, शांतता कमी पडतेय.

रविवार उजाडला. दुकान स्यू किमवर टाकलं. दाढी नाही, झोप नाही, डोळे कोळंबीसारखे लाल, अंगात पांढरा बनियन. मी जमिनीवर बसून टाकीकडं बघतोय, तेवढ्यात लक्षात आलं. अरे! काचेत दोन लाल डोळे! आमच्या देव्हाऱ्यातले विजेचे दोन लाल दिवे, दारासमोरच्या भिंतीवरचे. रात्रंदिवस जळतात. त्यांचं प्रतिबिंब नेमकं त्या कोपऱ्यात पडत होतं. दोन लाल डोळे रोखून बघताहेत म्हटल्यावर कुठला मासा जेवेल? मला तरी घास गेला असता का?

दिवे विझवायचे? आईनं माझा खिमा केला असता. मग नवीन वर्षाचा उरलेला लाल कागद घेतला आणि दिव्यांवर चिकटवला. कागद होता मोठा. दिवे झाकले, वर देवही झाकले गेले.

आता आम्हा चिनी लोकांत देवावर लाल कागद कधी लावतात, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरात मढं असलं की! देवानं मरण बघू नये म्हणून. मला ठाऊक नव्हतं का? होतं की! पण डोक्यात मासे असले ना, की बाकीचं शहाणपण त्याच पाण्यात बुडतं. वर भिंतीवरचा आरसाही उतरवून ठेवला. मासे आपलंच काळं तोंड बघून आणखी खचतील म्हणून. आणि आमच्यात आरसा कधी उतरवतात? तेव्हाच!

जरा वेळानं शेजारची गेक चू मावशी वाडगा परत द्यायला आली. दारातच थांबली. देव्हाऱ्याकडं बघितलं. उतरवलेल्या आरशाच्या जागेकडं बघितलं. आईच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. माझ्या दाढीकडं बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं! माझा हात दाबला आणि पाऊल न वाजवता निघून गेली.

मी म्हटलं, वा! एवढी बडबडी बाई, पण माशांचं दुःख समजलं तिला!

मग चमत्कारच सुरू झाला, राव. समोरचा टायरवाला सकाळपासून घण घालत होता. तो थांबला. पलीकडं कोण गाणी लावून नाचत होतं, ते बंद. आइस्क्रीमवाला आला, पण घंटा हातात धरून गेला. कुत्रं भुंकलं तर त्याला कुणीतरी उचलून नेलं! माझी छाती अशी फुगली की बनियन टरारला. बघा, म्हटलं, याला म्हणतात वजन! हुआतच्या घरी मासे आजारी, तर गल्ली श्वास रोखून बसलीय!

मग आला मुनियांडी. देवळासमोर हार विकतो. मला तौके म्हणतो, म्हणजे शेठ. भला मोठा मोगऱ्याचा हार घेऊन आला.

“तौके,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “घ्या. असं माणूस पुन्हा होणे नाही.”

मी लाजलो. “अरे, मी काय एवढा मोठा नाही रे.”

तो जरा गोंधळला. हार ठेवला, हात जोडले आणि गेला. तामिळ माणूस भाबडा. मी हार टाकीवर चढवला. छान दिसत होता.

बाहेर खुडबुड झाली म्हणून फटीतून बघितलं. काय बघतो! टायरवाला आणि चौघं जण माझ्या दारात मांडव उभारताहेत! खुर्च्या मांडल्या. टेबलं मांडली. शेंगदाणे, कलिंगडाच्या बिया, सरबत. सगळं बिनआवाज. लोक यायला लागले, एकेक करून बसायला लागले, माना खाली. मला गहिवरून आलं. खेंग हो आज परीक्षा घ्यायला येणार, म्हणून गल्लीनं मांडव घातला! लग्नात घातला नव्हता एवढा मोठा!  पण मासे अजून कोपऱ्यातच. आता बादली भरून गेली तर एवढ्या मांडवातून जाणार!

दुकानावर स्यू किमला कुणी काही कळवलं नव्हतं. कढई तापलेली असताना बाईला असली बातमी देऊ नये, असं गेक चू मावशीनंच ठरवलं होतं.

मी खिम्याचा गोळा हातात घेऊन टाकीजवळ उभा राहिलो. “खा रे बाबांनो,” पुटपुटलो, “अब्रूचा प्रश्न आहे.” मासे ढिम्म. आणि बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला.

“मांडव कसला?” खेंग हो! हातात बादली!

तो पायरी चढतोय तोच टॅक्सी येऊन थांबली. उतरली कोण? आई! इपोहच्या मावशीचा टीव्ही तिच्याही वरचढ बोलत होता, म्हणून परतली. तिनं मांडव बघितला. लोकांच्या खाली घातलेल्या माना बघितल्या. आपल्या दारातून आत देवांवरचा लाल कागद बघितला. घरात आम्ही तिघंच. सून तर येताना दुकानावर दिसली होती. मग उरलं कोण?

“माझा हुआत!” तिनं असा टाहो फोडला की माडावरचे नारळ हलले. “माझा हुआत गेला!”

इकडं गेक चू मावशीनं मान वर केली. समोर आई! त्यात आमच्या चिनी पंचांगातला सातवा महिना चालू, भुतं मोकळी सुटतात तो. मावशी किंचाळली, “आली! दिवसाढवळ्या आली!” आणि टेबलाखाली शिरली. खुर्च्या उलटल्या, शेंगदाणे उडाले, टायरवाला मांडवाच्या खांबाला धडकला, मुनियांडी पाच देवांची नावं एका दमात म्हणाला. आई छाती पिटत आत घुसली आणि मी समोर! पांढरा बनियन, लाल डोळे, दाढी.

आता आई किंचाळली. पण ती माझी आई. भुताला भिणारी नव्हे, भुताला झोडणारी! पुढं येऊन तिनं माझ्या पोटात बोट खुपसलं.

“आई गं!”

“दुखलं?”

“हो!”

“मग जिवंत आहेस!” तिनं मला घट्ट धरलं, डोळे पुसले, मग वर बघितलं. “आणि देव का झाकलेस रे?”

“माशांना दिव्यांची भीती...”

“माशांसाठी?”

सण्णकन् थोबाडीत! हातातला गोळा उडाला, हाराला चाटून टाकीत पडला. आईचं तोंड सुटलं. माझ्या बापापासून सुरू झाली ती थेट माझ्या कढईपर्यंत आली. दारात गल्ली जमून ओरडतेय, टेबलाखालून मावशी विचारतेय, “खरी आहेस का गं तू?” आणि त्या गोंगाटात खेंग हो खेकसला:

“अरे, तिकडं बघा!”

सहाच्या सहा मासे पुढं! काचेला तोंड लावून, निळे, लाल, लखलखीत, गोळ्याचे लचके तोडताहेत! आडवा पडलेला सगळ्यांत पुढं!

“काका,” मी गाल चोळत म्हणालो, “हे काय?”

“गाढवा, माझ्या टाक्या कुठं आहेत? पत्रे ठोकायच्या कारखान्यामागं! जन्मापासून दणदणाटात वाढलेत. ही मसणवट बघून कुठला जीव जेवेल?” त्यानं बादली पालथी घातली आणि तिच्यावरच बसला. “राहू देत तुझ्याकडं.”

अहो, काय टाळ्या पडल्या! बाजारात आजवर कुणाच्या माशांना पडल्या नसतील! मांडव काढूच दिला नाही मी. कढई घरी आणली, सगळ्यांना नूडल्स परतल्या. आई मधोमध खुर्चीत. एकेकाला बोलावून विचारत होती, “तू रडलास का? किती? आणि ती कोपऱ्यावरची आली नाही वाटतं?” मुनियांडीचा हार टाकीवरून काढून तिनंच घातला. टायरवाल्यानं तिला परलोकात फिरायला मिळावी म्हणून जाळायची कागदी मोटार सांगून ठेवली होती, ते भीत भीत कबूल केलं.

आई म्हणाली, “रंग कुठला सांगितलास?”

तर असे माझे डिस्कस. आता ताटलीएवढे झालेत. सोनार येऊन काचेला नाक लावतो आणि उसासे टाकतो. आहे का असा रंग दुसऱ्या कुणाकडं? नाही!

फक्त एक आहे. आई शिव्या देत असेल तरच जेवतात. सकाळ-संध्याकाळ ती टाकीजवळ उभी राहते, मला बापापासून कढईपर्यंत आणते, मग मासे पुढं येतात. आईला हे काम फार आवडतं, एकदाही चुकवत नाही. पण आज गेलीय लग्नाला, बटरवर्थला. स्यू किमला विनवलं, तर ती हसतच सुटते, आणि हसण्याला मासे फसत नाहीत. उपाशी आहेत बिचारे.

तुमचा आवाज चांगला खणखणीत आहे. कॉफी झाली ना? मग एवढं करा. चला माझ्यासोबत घरी, उभे राहा टाकीपाशी, आणि मला चार सणसणीत शिव्या घाला. लाजू नका, अगदी मनापासून!