बंदरात पोचतोय, भात टाक

फोन म्हणजे काय पावसाळी चप्पल आहे, दरसाल नवी घ्यायला, असं गुणवंती मिरकरवाड्यात ठणकावून सांगायची. तिच्या हातातला फोन सात वर्षांचा. मुळात तो नवऱ्याचा, केरू तांडेलाचा. केरू होडी चालवायचा. गेल्या वर्षी छातीत कळ आली आणि संपला. फोनच्या काचेला खेकड्याच्या पायांसारख्या भेगा, आणि चार्जिंग म्हाताऱ्याच्या झोपेसारखं, लागलं म्हणेस्तोवर संपलेलं.

मुलगा निहार होडीला पाठ दाखवून मुंबईला गेला, तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. आता बाप गेल्यावर तो आईला समजावायचा, "आई, तीन वर्षांपलीकडे कोणी फोन ठेवत नाही गं."

"तुझ्या बापसाला मी तीस वर्षं ठेवला," ती म्हणायची.

खरं कारण वेगळंच होतं. एक शब्द लिहिला की फोन पुढचा आपणहून सुचवायचा, आणि सात वर्षांत त्याने केरूचेच शब्द पाठ केलेले. होडीवरून केरू घरी जे कळवायचा, ते. गुणवंती रोज संध्याकाळी 'बंदरात' एवढंच लिहायची. फोन सुचवायचा 'पोचतोय'. मग 'भात'. मग 'टाक'. वाचून झालं की ती ते पुसायची आणि खरंच भात टाकायला उठायची.

एकदा कोळंबी सोलता सोलता ओला अंगठा घसरला. पुसायचं ते पाठवलं गेलं, आणि तेही वाडीच्या ग्रुपवर! एकशे बारा माणसं, आणि प्रत्येकाकडे तो नंबर अजून 'केरू तांडेल' याच नावाने.

वर्षापूर्वी गेलेला केरू तांडेल कळवत होता, बंदरात पोचतोय, भात टाक.

वाडीतल्या चिमाच्या सासूची दातखीळ बसली. दोघेजण धक्क्यावर बघून आले, आणि आपण गेलोच नव्हतो अशी आजही शपथ घेतात. शेजारची सोनूबाई तर भाताचं पातेलंच घेऊन आली.

"हे कशाला गं?"

"त्यांनी टाक म्हटलं ना. तू घाबरून टाकला नसशील, म्हणून मी टाकला."

"आणि आलेच असते तर?"

"तर काय उपाशी ठेवायचे?"

दुसऱ्या दिवशी निहार नवा फोन घेऊन दारात हजर. "पुरे झालं आई. फोटो, नंबर, सगळं यात येतं."

गुणवंतीने नव्यावर 'बंदरात' लिहिलं. त्याने सुचवलं, 'आयात निर्यात'. तिने तो गुपचूप खाली ठेवला.

"त्या जुन्यात आहे तरी काय एवढं?" म्हणत निहारने जुना उचलला आणि सहज स्वतःचंच नाव लिहिलं. फोनने पुढे सुचवलं 'चा'. त्याने दाबलं. 'फोन'. मग 'आला'. मग 'का'.

निहारचा फोन आला का.

तो बघतच राहिला. "हे कधी विचारलं बाबांनी?"

"रोज."

"मग तू काय कळवायचीस?"

"आला म्हणून. तुमची चौकशी करत होता म्हणून." ती पदराला हात पुसत राहिली. "एवढं खोटं चालतं रे."

निहारने फोन आईच्या मांडीवर ठेवला आणि चपला घातल्या. मग म्हणाला, "काच तेवढी बदलून आणतो याची," आणि हाताला लागला तो फोन खिशात घालून, मागे न बघता लगबगीने बाहेर पडला.

जुना फोन गुणवंतीच्या मांडीवर तसाच होता. काच बदलायला गेला तो नवा.