खणातलं शेवटचं कार्ड

आल्विन टॉर्कल्सनने आयुष्यात एकच पत्र अनुत्तरित ठेवलं होतं. विस्कॉन्सिनातल्या एल्म फेरीच्या वाचनालयात अडतीस वर्षं काढलेला हा माणूस! 'बदकाला साबण लावावा का?' असं विचारणाऱ्या बाईलाही त्याने दोन पानी उत्तर पाठवलं होतं, तेही संदर्भग्रंथांच्या यादीसकट. पण गेल्या मे महिन्यात आलेलं ते पत्र मात्र अकरा महिने शब्दकोशाच्या अगदी शेवटच्या पानांत पडून होतं. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही, आल्विनसुद्धा नाही.

पत्र छोटंसंच होतं. 'महाशय, तुमच्या पुस्तिकेत माझ्या डेस्मंडबद्दल तीन शब्द आहेत. धिप्पाड, मनमिळाऊ, संथ. पहिले दोन मला मान्य. तिसऱ्याबद्दल एकच विचारते. तुम्ही माझ्या मुलाला कधी खेळताना पाहिलंय का? हो की नाही, एवढंच कळवा. लोरेटा यारब्रो, आयोवा.'

उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. आणि नेमका तोच शब्द आल्विनच्या हातून उमटेना!

आल्विन भिडस्त होता. जेवताना मीठ हवं असलं तरी 'जरा देता का' म्हणायची त्याला लाज. तो अळणी जेवून उठायचा. पण अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टचा विषय निघाला की हाच माणूस कागदावर वाघ व्हायचा. दर एप्रिलात मोठे संघ कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं पाळीपाळीने उचलतात, एकूण दोनशे सत्तावन्न. कोण कितवा उचलला जाणार याचं भाकीत आल्विन हिवाळाभर चाळीस वर्तमानपत्रं वाचून करायचा आणि चर्चच्या यंत्रावर साठ प्रती काढून गावात वाटायचा. एखाद-दुसरी प्रत पाहुण्यांबरोबर परराज्यातही पोचायची. गेल्या साली पुस्तिकेत 'पुढच्या वर्षीची पोरं' या पानावर एक ओळ रिकामी राहिली. रिकामी ओळ म्हणजे त्याला पडलेल्या दातासारखी! समोर आयोवातल्या एका चिमुकल्या कॉलेजचं वर्तमानपत्र होतं आणि त्यात एका जाड्या पोराचा फोटो. फोटोत फक्त खांदेच दिसत होते, म्हणून धिप्पाड. हसत होता, म्हणून मनमिळाऊ. आणि 'संथ' का? तर ओळीत अजून एका शब्दाची जागा होती!

यंदा त्याने शपथच घेतली होती, की नीट करायचं. दोनशे सत्तावन्न पोरं, दोनशे सत्तावन्न कार्डं, आणि वाचनालयाने मोडीत काढलेला एक लाकडी खण. कार्डांवर क्रमांक नाहीत. "कार्डाची जागा हाच त्याचा क्रमांक," असं तो बहिणीला, व्हर्नाला, अभिमानाने सांगायचा. डेस्मंडचं कार्ड सगळ्यात मागे होतं. त्याला वगळायची लाज वाटत होती, आणि न पाहता वर चढवायची त्याहून जास्त.

त्या शुक्रवारी डोलोरेसच्या खानावळीत सगळं गाव तळलेले मासे खायला जमलं होतं. आल्विनने अर्धा पेला ब्रँडी घेतली आणि स्वतःच्याच कानांवर विश्वास बसणार नाही असं बोलून गेला.

"पहिल्या फेरीतल्या बत्तिसांत कोण कोण येणार, त्यातली वीस नावं मी बरोबर सांगीन!"

"आणि नाही आली तर?" गस वोयानने विचारलं. गस गावचा न्हावी. गावातल्या प्रत्येक डोक्याबद्दल त्याचं काही ना काही मत होतं.

"तर... तर शिकागोचा सदरा घालून उन्हाळाभर चर्चला येईन!"

गावाचा जीव हिरव्या-पिवळ्या संघावर, आणि शिकागो म्हणजे त्या संघाचा हाडवैरी. हिरव्या-पिवळ्या गावात शिकागोचा सदरा! त्यापेक्षा विनावस्त्र आला असता तरी पाद्रीबाबांनी समजून घेतलं असतं.

"डोलोरेस, लिहून घे गं!" गस ओरडला. "पुढच्या शुक्रवारी यादी या भिंतीवर लागली पाहिजे. आणि एकदा लागली की बदल नाही!"

यादी टाइप करायचं काम व्हर्नाचं. वय एकोणऐंशी, बोटं संधिवाताने वाकडी, पण चाळीस वर्षांत चर्चच्या पत्रकात तिची एकही चूक झालेली नव्हती. झाली असेल असं म्हणायची पाद्रीबाबांचीही टाप नव्हती. आल्विनने खण तिच्या टेबलावर ठेवला आणि पैजेच्या धास्तीने अंथरूण धरलं.

शुक्रवारी खानावळीत शिरतो तर आतून हशा!

"या या, पंडित!" गस भिंतीपाशी पोट धरून उभा होता. "अरे, पहिला कोण म्हणे? डेस्मंड यारब्रो! हे माणसाचं नाव आहे की औषधाचं?"

आल्विनने यादी पाहिली. पहिला डेस्मंड. दुसरा, गुडघा मोडलेला तो ओरेगनचा पोरगा. तिसरा, जो संघ सोडून पाद्री होणार असल्याची बातमी होती तो. आणि देशभर ज्याच्या नावाचा डंका पिटला जात होता तो चेंडूफेक्या? दोनशे सत्तावन्नावा!

आल्विनने यादी खालून वर वाचली. खण! खण ठेवताना त्याचं तोंड भिंतीकडे झालं होतं! व्हर्नाने सगळी यादी मागून पुढे टाइप केली होती!

'चूक झाली' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी बसलेली व्हर्ना दिसली. आखडलेली बोटं कोमट पाण्याच्या वाटीत बुडवून ती कौतुकाने यादीकडे बघत होती. सहा तास टाइप केलं होतं बिचारीने.

"काही चुकलंय का रे?" तिने विचारलं.

"छे!" आल्विन म्हणाला. "विचारपूर्वक केलंय."

"विचारपूर्वक?" गसने डोळे पुसले. "एक सांग. या यारब्रोला तू कधी खेळताना तरी पाहिलंयस का?"

तोच प्रश्न! शब्दकोशातून उठून तो माशांच्या वासात समोर येऊन उभा राहिला होता. अख्खी खानावळ आल्विनकडे बघत होती.

"पाहिलंय," आल्विन म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा तो सरळसरळ खोटं बोलला होता. रात्रभर छताकडे बघत पडला आणि सकाळी उठून म्हणाला, "व्हर्ना, गाडी काढ. आयोवाला जायचंय."

"कशाला?"

"काल जे बोललो ते खरं करायला."

व्हर्नाने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि टोपी चढवली.

नदी ओलांडून चार तास. कॉलेजचं मैदान मक्याच्या शेताला लागून होतं. एप्रिलचा बोचरा वारा, आणि प्रशिक्षकाने खूप विनवण्या करून बोलावलेला एका मोठ्या संघाचा एकुलता एक पारखी जांभया देत उभा. आल्विन त्याचा काळा ओव्हरकोट घालून, कार्ड आणि पेन्सिल घेऊन बाकावर बसला.

आधी धावण्याची चाचणी झाली. डेस्मंड धावला. म्हणजे निघाला. घड्याळावर अंगठा ठेवून प्रशिक्षक वाट बघत राहिला. मधेच त्याने अंगठा बदलला.

'संथ!' आल्विनला हायसं वाटलं. 'निदान तो शब्द तरी खरा होता!'

मग दुसरा खेळ सुरू झाला. डेस्मंड चेंडूफेक्याच्या पुढे उभा राहिला, आणि समोरच्याने त्याला ओलांडून आत घुसायचं. पहिला आला, आपटला, बसला. दुसरा बाजूने गेला. डेस्मंडने नुसता एक पाय सरकवला आणि दुसराही बसला. एकामागून एक अकरा जण बसले. बसलेल्या प्रत्येकाला डेस्मंड हात देऊन उठवत होता आणि "लागलं नाही ना रे?" असं विचारत होता.

आल्विन भराभरा लिहू लागला. कार्ड संपलं. त्याने मागची बाजू घेतली. ती संपली. त्याने व्हर्नाच्या पर्समधून वाणसामानाची यादी काढून घेतली.

बाजूचा पारखी जांभई अर्धवट सोडून त्याच्याकडे बघायला लागला. हळूहळू सरकत जवळ आला.

"साहेब, तुम्ही कुठल्या संघाकडून?"

आल्विनचे कान लाल झाले. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे त्याची जीभ टाळूला चिकटायची. "मी... ते मला सांगता येणार नाही," तो कसाबसा पुटपुटला.

"अच्छा!" पारख्याने डोळे बारीक केले. "समजलं. तुम्ही याला कुठे धरलाय? शेवटच्या फेरीत?"

आता खोटं पुन्हा बोलायचं नाही, असं आल्विनने नदीवरच ठरवलं होतं. आणि भिंतीवर लागलेली यादी तर खरीच होती!

"यादीत पहिला," तो म्हणाला.

पारख्याचा चेहरा दुधासारखा पांढरा पडला. "बाबा, तुम्ही... शिकागोचे तर नाही ना?"

आल्विनला तो सदरा आठवला. "अजून तरी नाही," तो उसासा टाकून म्हणाला.

पारखी फोन काढून शेताच्या दिशेने धावत सुटला. डेस्मंडपेक्षा खूपच जोरात.

तेवढ्यात एक ठेंगणी बाई हातात वाफाळत्या गोड पदार्थाचं भांडं घेऊन आली. "आजोबा, गारठलात की! घ्या, पीच कॉब्लर आहे. गरम आहे अजून. माझ्या डेस्मंडला बघायला एवढ्या लांब आलात ना?"

आल्विनने पहिली वाटी घाईघाईने संपवली.

"नाहीतर लोक काय, न बघताच लिहितात!" लोरेटाबाईंनी दुसरी वाटी वाढली. "विस्कॉन्सिनात कुणी एक म्हातारा आहे म्हणे. पोराला 'संथ' म्हणाला! ते पान डेस्मंडने आरशाला चिकटवलंय. रोज बघतो आणि आणखी शंभर बैठका काढतो. मी पत्र लिहिलं, तर मेल्याचं उत्तरसुद्धा नाही!"

"काही माणसं अशीच असतात," व्हर्ना भावाकडे न बघता म्हणाली. "कॉब्लर फार छान झालंय हो."

आल्विनने दोन वाट्या खाल्ल्या, दोनदा आभार मानले आणि नाव न सांगता पळ काढला.

पुढचा आठवडा गेला आणि त्यानंतरच्या गुरुवारी ड्राफ्ट सुरू झाला. पहिल्या फेरीतली बत्तीस नावं जाहीर झाली आणि आल्विनच्या यादीतल्या पहिल्या बत्तिसांपैकी त्यात किती होती? शून्य! गस सदरा घेऊन तयारच होता. "खांद्यात जरा सैल होईल," तो आल्विनच्या पाठीला लावून बघत म्हणाला, "पण पापाचं माप कधी बरोबर बसतं का?"

शुक्रवार गेला, शनिवारची दुपार कलली. डेस्मंडचं नाव नाही. खानावळीत उरले होते फक्त डोलोरेस, गस आणि ही दोघं भावंडं. आल्विनला आता सदऱ्याची पर्वा नव्हती. त्याला दिसत होता तो आयोवातला आरसा आणि त्याच्यासमोर बसलेली ती ठेंगणी बाई.

"दोनशे छप्पन्न झाले," डोलोरेस हळूच म्हणाली. "मिस्टर टॉर्कल्सन, बंद करू का टीव्ही?"

"एक राहिलाय," आल्विन म्हणाला.

पडद्यावर हिरवा-पिवळा रंग झळकला. आपलाच संघ! निवेदकाने कागद उलगडला, नाव वाचताना जरा अडखळला, आणि म्हणाला, "डेस्मंड यारब्रो!"

शेताकडे धावत सुटलेला तो पारखी आपल्याच संघाचा होता तर! मग डोलोरेसने किंकाळी फोडली. व्हर्नाने पाण्याचा पेला हवेत उडवला. आल्विन खुर्चीवर चढला! तो, चौऱ्याहत्तर वर्षांचा, अळणी जेवणारा आल्विन, खुर्चीवर उभा राहून ओरडला, "कुणाला आत येऊ देत नाही तो! कुणालाच!" बाहेर गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. अर्ध्या तासात गाव जमलं. देशातल्या एकाही पंडिताच्या यादीत नसलेलं नाव एल्म फेरीच्या भिंतीवर पंधरा दिवस झळकत होतं! लोकांनी आल्विनला खांद्यावर घेतलं. ड्राफ्टमध्ये शेवटी उचलल्या जाणाऱ्याचं देशभर थट्टेने का होईना कौतुक होतंच. त्या संध्याकाळी त्यातलं निम्मं आल्विनच्या वाट्याला आलं.

"पाहिलं होतंस बरं का तू त्याला!" गसने कबुली दिली. डोळ्यांत पाणी होतं, पण सदरा हातातून सुटला नव्हता. "तरी पैज ती पैज."

घरी येऊन आल्विनने खण समोर ओढला, सरळ बाजूने, आणि कार्डं मोजली. पहिल्या बत्तिसांत बरोबर नावं एकवीस. आणि सगळ्यात शेवटचं कार्ड, दोनशे सत्तावन्नावं, डेस्मंडचं. अगदी नेमकं! असं भाकीत त्याने चाळीस वर्षांत केलं नव्हतं. आणि ते जगात कुणीही पाहिलं नव्हतं.

"एकवीस ना?" दारातून व्हर्ना म्हणाली.

आल्विन दचकला. "तुला माहीत होतं?"

"त्या शुक्रवारीच कळलं. खानावळीतून आल्यावर, खण उचलताना." तिने बोटं चोळली. "तू 'विचारपूर्वक' म्हणालास, मग मी तरी कशाला बोलू? चाळीस वर्षांत पहिली चूक आहे माझी. कुठे बोललास तर बघ!"

"एका ठिकाणी सांगावंच लागेल."

व्हर्नाने विचार केला. "सांग. टायपिस्टचं नाव घालू नकोस."

आल्विनने शब्दकोश उघडला. अकरा खर्डे फाडले, बाराव्याला लिहिलं:

'बाईसाहेब, तुमचं पत्र आलं तेव्हाचं खरं उत्तर: नाही. आजचं: हो, पाहिलं. माझ्या मूळ यादीत तो शेवटचा होता. पहिला झाला तो टाइप करताना झालेल्या चुकीमुळे, पण ती चूक माझ्या चाळीस वर्षांच्या अभ्यासापेक्षा शहाणी निघाली. 'संथ' हा शब्द मी न पाहता लिहिला, त्याची माफी मागतो. पाहिल्यावर कळलं, की ज्याला जागा सोडायचीच नाही त्याला घाई कशाची? कॉब्लरच्या दोन वाट्या खाऊन पळालेला म्हातारा मीच. आल्विन टॉर्कल्सन.'

रविवारी चर्च सुटल्यावर तो टपालपेटीपाशी गेला. अंगात शिकागोचा सदरा, गुडघ्यांपर्यंत आलेला. रस्त्यावरची माणसं थांबून टाळ्या वाजवत होती. उभ्या जन्मात शिकागोच्या सदऱ्याला एल्म फेरीत एवढा मान मिळाला नसेल! आल्विनने छाती काढून, चेंडूफेक्यासारखं एक पाऊल मागे घेऊन, पत्र पेटीत टाकलं. आत टप्प असा आवाज झाला. अकरा महिन्यांचं ओझं उतरलं.

"टाकलंस?" गाडीतून व्हर्नाने विचारलं. "कॉब्लरची कृती विचारलीस ना त्यात?"

आल्विनने पेटीच्या फटीत हात घालून पाहिला. मनगटापर्यंतच जात होता.