एका माणसासाठी शांत खोली

मोबाईलच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रविवारच्या पुरवणीत माझं सदर येतं. बाजारात नवा फोन आला की बाकीचे लेखक त्याचा रंग बघतात, मी त्याची नियत बघतो. पाठीवर चार कॅमेरे असलेला फोन आला तेव्हा सगळे वा वा करत होते. मी लिहिलं, माणसाचं दोन डोळ्यांत भागतं, मग याला चार कशाला? एवढं काय बघायचंय? घडी होणारा फोन आला तेव्हा मी विचारलं, घडीच्या आत काय दडवलंय? आमचे संपादक मला 'संशयात्मा' म्हणतात. मी ते कौतुक समजून घेतो.

गेल्या महिन्यात मात्र मी जरा जास्तच छाती फुगवली. हाक मारली की ताबडतोब ओ देणाऱ्या एका नव्या फोनची बातमी आली होती. मी ठणकावून लिहिलं, हाक मारताक्षणी ओ देतो म्हणजे हा हाक मारायच्या आधीपासून कान लावून बसलेला असतो! फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो आणि त्यावरून जाहिराती दाखवतो, हे पुढच्या रविवारी पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवीन. असं छापून मोकळा झालो. त्या पुराव्याच्या नादात माझा संसार मोडायची वेळ आली, तीच ही हकिकत.

आमच्या घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि सासूबाई. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतंय का, आता जास्त स्पष्ट की मघाशी?" असं विचारते आणि संध्याकाळी घरी येऊन मला बघते. घरात माझा एक नियम आहे. पगार, दुखणं, नातेवाईक, असलं काही खासगी बोलायचं असेल तर आधी सगळ्यांचे फोन पिठाच्या डब्यात जातात. जाड स्टीलचा डबा, घट्ट झाकण आणि आत पीठ. त्यातून कोण काय ऐकणार? बायकोच्या फोनची भोकं पिठानं बुजतात, ती जुन्या टूथब्रशनं साफ करत बसते. सासूबाई तर आज वार कोणता हे विचारायचं असलं तरी फोन डब्यात टाकून येतात. टीव्हीसुद्धा इंटरनेटवाला, त्यामुळे बैठकीच्या खोलीत आम्ही कुजबुजतच बोलतो.

तर प्रयोग असा ठरवला. आपल्याला जन्मात लागणार नाही अशी एखादी वस्तू निवडायची, फोनसमोर तिच्याबद्दल बोलत राहायचं आणि तिची जाहिरात येते का बघायचं. घोड्याचं खोगीर घ्यावं की होडी, यावर मी बराच विचार केला. पण असल्या वस्तूंच्या जाहिराती येणार कुठून? शेवटी सुचलं, भाड्याची खोली. स्वतःचं घर आहे, बायको आहे, सासू आहे. मला एका माणसापुरती भाड्याची खोली कशाला लागेल?

बायकोला हे सांगायचं नाही, हेही ठरवलं. सांगितलं की ती गंमत म्हणून तिच्या फोनवर खोल्या शोधणार, आणि माझा पुरावा बाटणार. म्हणून फोन घेऊन मी बाथरूममध्ये जायचो, कडी लावायचो, नळ बंद करायचो आणि पलीकडे कोणीतरी आहे अशा थाटात हळू आवाजात बोलायचो.

"हो, एकट्यासाठीच. नाही, बायको येणार नाही. खोली लहान असली तरी चालेल, शांत हवी. लवकरात लवकर. घरी अजून कुणाला माहीत नाही."

शेवटचं वाक्य मी अभिनयाच्या भरात जोडलं होतं. तेवढं नसतं जोडलं तरी चाललं असतं.

बाथरूमची झडप मागच्या गॅलरीत उघडते. तिथे कपडे वाळत घालायची दोरी आहे. आणि त्या दोरीशी सकाळ-संध्याकाळ कोण असतं, हे फोनवर पाळत ठेवण्याच्या गडबडीत माझ्या ध्यानातच आलं नाही.

मला घरात बदल जाणवायला लागला. सासूबाई माझे शर्ट वाळत घालताना एकेक मोजून घालायला लागल्या. कपाटाच्या वर माझी प्रवासाची बॅग असते, ती दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाल्या, "जावईबापू, बॅगेचं काय काम काढलंत?"

"काही नाही, सहज."

"सहज कोणी बॅग विचारत नाही," असं म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, यांच्या फोनमध्ये काहीतरी शिरलंय.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. आमचं मशीन व्यवस्थित चालू होतं, तरी त्यानं ते भिंतीपासून ओढलं आणि मागचं झाकण उघडून बसला. आता मला सांगा, चालू मशीन कोण उघडतं? ज्याला आत काहीतरी बसवायचं असेल तोच! मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"काय शोधतोयस?"

"काही नाही, भावोजी. तुम्ही बसा की. ऑफिसात सगळं ठीक?"

"ठीक. का?"

"नवीन कोणी आलंय का ऑफिसात?"

"तुला कोणी विचारायला सांगितलं?"

"मला कोण सांगणार? तुम्हाला कोणी काही सांगितलंय का?"

असे आम्ही एकमेकांना बराच वेळ सवाल करत होतो आणि उत्तर कोणीच देत नव्हतं. तो गेल्यावर मी टॉर्च घेऊन मशीनमध्ये डोकावलो. एक हरवलेला मोजा मिळाला. तो मी जपून ठेवला, काय सांगावं, लागेल.

सगळ्यात वाईट म्हणजे बायको सौजन्यानं वागायला लागली. एरवी मी चहाचा कप टेबलावर विसरलो की ती मला हाक मारून बोलावते आणि कप दाखवते. आता ती मुकाट्यानं उचलून न्यायला लागली. लग्नानंतर हे मी प्रथमच बघत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही. बुधवारी ती माझ्यासमोर येऊन बसली. फोन मधल्या टेबलावर होता.

"तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

मी टेबलाकडे बोट केलं. "इथे नको. आधी हे डब्यात टाकू."

"राहू दे डबा. असं साधं काही सांगता नाही येणार?"

मला वाटलं, हिला प्रयोगाचा वास लागलाय. आता बोललो तर सगळं मुसळ केरात. सदर शुक्रवारी छापायला द्यायचं होतं. म्हणून मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "शुक्रवारपर्यंत थांब. शुक्रवारी सगळं सांगतो. मग मीही मोकळा आणि तूही मोकळी."

तिनं हात सोडवून घेतला आणि आत गेली. माझ्या बायकोचा समजूतदारपणा मोठा, असं वाटून मला बरं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तर मेहुणाही हजर. त्याची हत्यारांची पिशवी खुर्चीशेजारी ठेवलेली. सासूबाई वाढत होत्या, पण माझ्या ताटाकडे बघतही नव्हत्या. तेवढ्यात माझ्या फोनचा पडदा उजळला. मी वाकून बघितलं.

'एका माणसासाठी शांत खोली. लगेच राहायला या.'

खाली फोटो. खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर रिकामी फुलदाणी.

मी खुर्चीवरून उठलोच. "आली! मिळाली खोली! मी म्हणत नव्हतो मिळणार म्हणून!"

सासूबाईंच्या हातातला डाव पातेल्यात पडला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मेहुणा उभा राहिला आणि त्याचा हात पिशवीकडे गेला.

"भावोजी, बसा," तो म्हणाला. "आणि ती कोण, ते आधी सांगा."

"ती कोण म्हणजे? खोली!"

"खोलीत कोण राहणार?"

"कोणीच नाही. खोली घ्यायचीच नाहीये. मला फक्त जाहिरात हवी होती."

हे वाक्य मला अगदी सरळ वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्यांवरून ते तसं वाटलेलं दिसलं नाही. मग सासूबाईंनी झडपेतून ऐकलेलं सगळं, एकही शब्द न गाळता, म्हणून दाखवलं. 'घरी अजून कुणाला माहीत नाही' हे तर त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी सगळं सांगितलं. सदर, फुशारकी, प्रयोग, खोगीर, होडी. कोणाचा विश्वास बसेना. शेवटी मी तिघांना घेऊन बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि फोन तोंडासमोर धरून प्रयोग करून दाखवला. मेहुणा बादलीवर बसला होता, सासूबाई बेसिनला टेकल्या होत्या. मी "हो, एकट्यासाठीच," म्हणत होतो आणि बायको माझ्याकडे, दुकानात अक्षर वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी बघत होती.

मग सासूबाई म्हणाल्या, "हे खरं बोलतायत. खोटं बोलायचं असतं तर यापेक्षा बरं काहीतरी सांगितलं असतं."

मेहुण्यानं मान डोलावली. मी निर्दोष सुटलो, पण असा सुटलो. तरी माझी खुमखुमी जाईना.

"ते जाऊ दे," मी म्हणालो. "पण पुरावा मिळाला की नाही? मी बोललो, फोननं ऐकलं, जाहिरात आली!"

"फोननं काही ऐकलं नाही," बायको म्हणाली. "आईनं ऐकलं. आईनं मला सांगितलं. मग मी शोधली खोली. घरात वाय-फाय एकच, मी शोधलेलं तुमच्या फोनवर आलं असेल."

पुरावा गेला. पण तेवढ्यात मला वेगळाच उमाळा आला. नवरा घर सोडून चाललाय असं कळूनही ही बाई त्याच्यासाठी चांगली खोली शोधते, खिडकी बघते, टेबल बघते!

"माझ्यासाठी शोधलीस?"

"आधी तुमच्यासाठीच शोधत होते. म्हटलं, जायचंय तर जाऊ देत, निदान लवकर जाऊ देत. पण फोटो बघता बघता वाटलं, एवढी छान खोली यांना कशाला द्यायची?"

मेहुणा हसला. मीही हसलो. ती हसली नाही.

"आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत बघायला गेले होते," ती म्हणाली. "खिडकीतून एक झाड दिसतं. मी तिथे मोठ्यानं बोलून बघितलं. नुसतं, 'आज दुकानात फार गर्दी होती.' एवढंच. कोणी श्श केलं नाही. कोणी फोन मागितला नाही. किती वर्षांनी आवाज ऐकला मी माझा."

मेहुणा बादलीवरून उठला आणि "मी मशीन बघून येतो," म्हणून बाहेर सटकला. सासूबाईही गेल्या. बाथरूममध्ये आम्ही दोघंच उरलो. मला खरंच भीती वाटली. आजवर मी फोनांना घाबरलो, कंपन्यांना घाबरलो, अपडेटला घाबरलो. ती भीती आणि ही भीती यांत फार फरक आहे.

"मग?" मी विचारलं. "घेतलीस?"

"घेतली असती. किल्ली मागितलीच होती मी. पण घरमालकांनी विचारलं, खोली कशी कळली? मी म्हटलं, फोनवर जाहिरात बघितली. झालं! म्हणाले, जाहिरात आमच्या मुलानं परस्पर टाकली, पण आम्हाला असली माणसं नकोत. फोनवर बघून दारात येणाऱ्या माणसावर तिळभर विश्वास ठेवू नये, असं पेपरात आलंय. आणि दारामागे चिकटवलेलं कात्रण दाखवलं मला. वर तुमचा फोटो होता."

मी उगाच बंद नळ आणखी घट्ट केला.

"मी त्यांना सांगितलं नाही, हे माझे मिस्टर म्हणून," ती म्हणाली. "लाज वाटली." आणि दार उघडून गेली.

त्या संध्याकाळी मी पीठ चाळून घेतलं, डबा सासूबाईंच्या हवाली केला आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बसून बायकोला मोठ्यानं विचारलं, "आज दुकानात गर्दी होती का?" ती म्हणाली, "सांगितलं ना मघाशी." पण मग तिनं पुन्हा सांगितलं, अगदी सविस्तर, आणि मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. एवढ्यानं ती राहील की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. परवाच मी सहज मागून डोकावलो तर ती तोच फोटो बघत होती.

संपादकांना फोन करून पुरावा मिळाला नसल्याचं कळवलं. ते म्हणाले, "सोडा हो. तसंही कोण वाचतंय?" मी फोन ठेवला. एक जण वाचतो, शब्दन्‌शब्द वाचतो, आणि त्याचं वाचन थांबलं तर माझं काही खरं नाही, हे त्यांना कसं सांगणार?

तेव्हा वाचकहो, आणि विशेषतः तुम्ही, घरमालक काका, या आठवड्याचा माझा सल्ला नीट वाचा आणि जुन्या कात्रणाशेजारी चिकटवा. फोनवरची जाहिरात बघून कोणी बाई पुन्हा तुमच्या दाराशी आली, तर ती दिसायला कितीही सालस असो, बोलायला कितीही गोड असो, अगदी चष्म्याच्या दुकानात कामाला असो, तिला खोली मुळीच देऊ नका!