टाक्याचं गोड पाणी

डॉक्टर त्रिवेदींनी रमणीकभाई शाहांना सगळं सोपं करून सांगितलं. "मूत्रपिंड म्हणजे पोटातलं गाळणं. रक्त गाळायचं, चांगलं ठेवायचं, घाण लघवीवाटे बाहेर. तुमच्या वाटेत खडा अडकलाय. आता लघवी फडक्यातून गाळत जा. खडा सापडला तर दाखवायला आणा, नाहीतर सोमवारी ऑपरेशन."

ऑपरेशन रमणीकभाईंना काही झालं तरी नको होतं. फडक्यांना मात्र तोटा नव्हता. जैनाचं घर, अमदाबादची पोळ, म्हणजे जुनी दाट गल्ली, आणि चौकाखाली पणजोबांनी बांधलेलं पावसाच्या पाण्याचं टाकं. त्यांनी पाणी गाळायचं एक फडकं गुपचूप उचललं. बायकोला सांगणार काय, कपाळ?

शनिवारी दुपारी, आता जीव जातोय असं वाटत असतानाच, फडक्यात डाळीच्या दाण्याएवढा खडा पडला. रमणीकभाईंचा हर्ष गगनात मावेना. ओलं फडकं खड्यासकट टाक्याच्या कठड्यावर ठेवून ते डबी शोधायला माडीवर गेले. परत येऊन पाहतात तो फडकं दोरीवर वाळत होतं.

"यात काही होतं का गं?"

"होतं की," त्यांच्या पत्नी विमळाबेन म्हणाल्या. "पाणी गाळलंत आणि गाळ टाक्यात परत सोडायला विसरलात. त्यातले जीव तडफडून मेले असते. मी खळबळून सोडला सगळा. बांना कळू दिलं नाही हं."

रमणीकभाईंनी टाक्यात डोकावून पाहिलं. सांगावं, तर भर उन्हाळ्यात भरलेलं टाकं उपसावं लागणार, आणि त्याच्याशिवाय दुसरं पाणी न पिणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बा, म्हणजे त्यांच्या आई, प्रायश्चित्त म्हणून उपास धरणार. न सांगावं, तर सोमवारी सुरी. संध्याकाळी व्याही आले, दोन-दोन पेले मागून प्यायले आणि असं गोड पाणी साऱ्या गल्लीत नाही म्हणाले.

सोमवारी डॉक्टरांनी खडा मागितला. "हरवला," रमणीकभाई पुटपुटले. डॉक्टरांनी वैतागून सोनोग्राफी केली. वाट मोकळी होती, ऑपरेशन टळलं. रमणीकभाईंना रडूच आलं.

"पण पुन्हा खडा नको असेल तर रोज चार लिटर पाणी," डॉक्टर म्हणाले. "सूर्यास्तानंतर तुम्ही पीत नाही, तेव्हा दिवसाच संपवायचं." विमळाबेन शेजारीच बसल्या होत्या.

घरी पोचताच त्या भरलेला लोटा घेऊन आल्या.

"नळाचं चालेल मला," रमणीकभाई म्हणाले.

"घरात असं टाकं असताना?"

"उकळलंय ना?"

"बांनी स्वतः उकळलंय."

दारात बा कौतुकानं बघत उभ्या होत्या. रमणीकभाईंनी डोळे मिटले आणि पहिल्या लिटरला तोंड लावलं.