जायफळाचे वेढे

खर्र... खर्र...

बाळ नुकतं निजलं होतं, घर कसं गप्प होतं, आणि मी सहाणेवर जायफळ उगाळत होते. आज कचेरीचा ताप उतरवलाच समजा, बायांनो!

आमची स्वारी ठाण्याच्या कचेरीत नक्कलकारकून. अक्षर मोत्यांसारखं, पण वरचे शिरस्तेदार दिवसभर असे गरजायचे, की मोती सांडायलाच लागले. हात कापे. घरी पेला पडला तरी स्वारी ताडकन उठून म्हणे, "चुकलं, रावसाहेब!" अखेर शिरस्तेदारांनी बजावलं, "आता एक जरी नक्कल बिघडली, तर घरी बसा!"

वैद्यबुवांनी जायफळाचं दूध सांगितलं. किती, ते मी विचारलंच नाही. दोन लेकरांची आई मी! बाळगुटीला दोन वेढे पुरतात. पण बाळ केवढंसं, आणि स्वारी केवढी! चांगलं अर्धं जायफळ उगाळून दुधात घातलं.

तेवढ्यात बाळकुमची मीठवाली ठमाबाई दारात आली. तिची वाट कचेरीवरूनच जाते.

"ठमाबाई, एवढा तांब्या आमच्या ह्यांना द्याल?"

"देतंय गो बाय. पन नाव काय सांगू?"

झाली पंचाईत! नवऱ्याचं नाव ओठांवर आणायचं कसं?

"अहो... तेच ते!"

"तिकडं समदेच तेच ते!"

मी पदर सावरत म्हटलं, "ज्यांच्यावाचून कचेरीतलं पान हलत नाही ना, ते!" स्वारी रोज जेवताना हेच सांगते की.

ठमाबाईनं कचेरीत जाऊन नेमकं तेच विचारलं. शिपायानं तिला थेट शिरस्तेदारांपुढे उभं केलं!

"हे काय?"

"दूध हाय. बायनं धाडलंय."

शिरस्तेदार सकाळीच बायकोशी भांडून निघाले होते. तिचा राग गेला असं वाटून ते विरघळलेच! "दुधाला कसलं आलंय सोवळं!" म्हणाले, आणि घटाघटा प्याले.

मग लोडाला टेकले ते टेकलेच. हाका मारल्या तरी हूं नाही की चूं नाही! कारकुनांची पाचावर धारण बसली. एकानं नाकापुढे सूत धरलं. दुसरा म्हणाला, "तुळशीपत्र आणा रे!" इतक्यात वखारीत करवत चालावी तसं घोरणं सुरू झालं. आता उठवणार कोण? कचेरी अशी शांत, की टाकांची कुरकुर ऐकू यावी. दिवेलागणीच्या आधीच सगळ्यांची कामं हातावेगळी, आणि स्वारीच्या नकलेत मोतीच मोती!

शिरस्तेदार जागे झाले. तांब्या उचलला. त्यावर नाव कोरलेलं! त्यांनी ते वाचलं आणि त्याच नावानं हाक मारली.

स्वारीच्या पायांखालची सतरंजी सरकली.

"दूध तुमच्या घरचं?"

"चुकलं, रावसाहेब!"

"अहो, चुकलं कसलं! वरच्या साहेबाच्या धाकानं माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. उद्याही पाठवा!" मग नक्कल हातात घेऊन म्हणाले, "अक्षर बरं आहे की तुमचं."

आता रोज दूध जातं. वेढे मात्र वैद्यबुवांना विचारून! कचेरीतला ओरडा निवला, हातही कापत नाही. परवा पेला पडला, तर स्वारी नुसतं म्हणाली, "उचल गं." पान हलण्याची गोष्ट मात्र जेवताना निघत नाही.

हे लिहितेय, तर माझी थोरली शकू, नुकतीच अक्षरं गिरवायला लागलेली, तोच तांब्या मांडीवर घेऊन बसलीये. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत विचारतेय,

"आई, तुला वाचता येतं ना गं? मग हे काय लिहिलंय, मोठ्यानं वाच ना!"