ओलं ठेवा, उबदार ठेवा, झाकून ठेवा

“मूठभर म्हणजे नक्की किती?” शंभरीताईंनी फोनवर विचारलं.

“मूठभर म्हणजे मूठभर, वहिनी!” नणंद म्हणाली. “मेथी मूठभर, पिकलेलं केळं एक, दही दोन चमचे, तेल चार थेंब. मेथी रात्रभर भिजवायची, सकाळी सगळं वाटायचं, केसांना थापायचं आणि तासाभरानं धुवायचं. मेलेले केससुद्धा उठून बसतात बघा.”

शंभरीताईंनी चारशे दाणे मोजून भिजत घातले. त्याला त्यांचा इलाज नव्हता. बीज परीक्षण प्रयोगशाळेत सतरा वर्षं त्या एकच काम करत होत्या. शंभर दाणे मोजायचे, ओल्या टिपकागदावर मांडायचे, बशी झाकून उगवणीच्या कपाटात ठेवायची आणि पाचव्या दिवशी किती उगवले ते सांगायचं. असे शंभरा-शंभराचे चार गट. शंभरीताई हे नाव त्यावरूनच पडलं होतं, आणि आता ते घरातही रुळलं होतं.

केसांची गोष्ट अशी की ते मुळात कुरळे, दाट आणि कुणाचंही न ऐकणारे. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण प्रयोगशाळेत टोपी सक्तीची झाली आणि शंभरीताईंच्या केसांवर ती टोपी पाण्यावर होडी तरंगावी तशी तरंगू लागली. “ताई, टोपी डोक्यावर घालायची असते, डोक्याच्या वर नाही,” असं साहेब चारचौघांत म्हणाले. झालं. दुसऱ्या दिवसापासून ताई रोज सकाळी गरम चिमट्यानं केस सरळ करू लागल्या. सहा महिन्यांत केस सरळ झाले, मग राठ झाले, मग केरसुणीच्या काड्यांसारखे तुटायला लागले. टोपी मात्र चोख बसली.

नेमकं त्याच सहा महिन्यांत प्रयोगशाळेत बी उगवायचं थांबलं. गहू नाही, मुळा नाही, मेथी नाही. पाचव्या दिवशी झाकण उचलावं तर दाणे जसेच्या तसे, वर थोडे तपकिरी. साहेब हैराण झाले आणि एके दिवशी त्यांना एका बशीत तुटका केस सापडला.

“सापडलं कारण!” साहेब ओरडले. तो केस त्यांनी पाकिटात घालून वर तारीख टाकली. पाकिटात असे अकरा केस जमले तेव्हा त्यांनी ताईंना बोलावलं. “सोमवारी मुख्य कार्यालयातून तपासनीसबाई येतायत. त्यांच्यासमोर बशीत एक जरी केस पडला, तर तुमची बदली गोदामात. तिथं पोती मोजा. पोत्यात केस पडला तर कुणी बघत नाही.”

मोजायला शंभरीताई कधी कंटाळल्या नव्हत्या. पण पोत्याला कोंब फुटत नाही. पाचव्या दिवशी झाकण उचलल्यावर आत जी इवली इवली पांढरी गडबड दिसते, तिच्यासाठी त्या सतरा वर्षं देवपूजेच्या निष्ठेनं कामावर येत होत्या.

“आणि साहेब, ह्या मेथीच्या उरलेल्या नमुन्याचं काय करू?” जाता जाता त्यांनी विचारलं.

“शंभरातले तीन उगवले त्यातले! मेलेलं बी आहे ते. केसांना लावा, नाहीतर काय!”

साहेब टोमणा मारत होते. ताईंना ती सूचना वाटली.

तर शुक्रवारी रजा टाकून त्यांनी कामाला हात घातला. मिक्सरनं एकदा घुर्रर्र केलं आणि मान टाकली. आत पाहिलं तर फक्त बारा दाणे चिरडले होते. ते त्यांनी मोजून बाजूला काढले. बाकीचे अख्खेच दाणे केळ्यात आणि दह्यात कालवले, डोक्यावर थापले आणि तासाभरानं न्हाणीघरात शिरल्या.

पहिला तांब्या ओतला. दुसऱ्यासाठी नळ सोडला तर नळ खोकला, उसासा टाकला आणि गप्प झाला.

“अगं, नाक्यावरचा मोठा पाइप फुटला!” बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. त्यात काळजीपेक्षा कौतुक जास्त होतं. “काय कारंजं उडतंय! बघायला येतेस का?”

“पाणी कधी येईल ते विचारा!”

“सोमवारी म्हणतायत. प्यायला दोन घागरी आहेत बघ घरात.”

एका तांब्यात केळं गेलं, दही गेलं. मेथी मात्र भिजून बुळबुळीत झाली होती आणि त्या तुटक्या, फाटलेल्या केसांत घट्ट रुतून बसली होती. शंभरीताईंनी न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले दाणे मोजले. सव्वीस. म्हणजे डोक्यावर तीनशे बासष्ट. उगाच आपलं माहीत असलेलं बरं.

नणंदेला फोन लावला तर ती म्हणाली, “वहिनी, काही झालं तरी कोरडं होऊ देऊ नका हं! वाळलं की केसांसकट निघेल. ओलं ठेवा, उबदार ठेवा, झाकून ठेवा.”

हे वाक्य आपण कुठंतरी रोज वाचतो, असं ताईंना वाटलं. पण कुठं ते काही केल्या आठवेना. त्यांनी प्लास्टिकची टोपी घातली, वर टॉवेल गुंडाळला, आणि सकाळ-संध्याकाळ पिण्याच्या पाण्यातली वाटीभर आत शिंपडू लागल्या.

शनिवारी नवरा म्हणाला, “तुझ्याजवळ आलं की भाजीच्या मंडईत आल्यासारखं वाटतं.”

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“ताजं वाटतं,” नवरा जपून म्हणाला.

रविवारी डोक्याला गुदगुल्या व्हायला लागल्या. जणू कुणीतरी केसांतून हळूच बारीक बोटं फिरवतंय. “गुण येतोय!” नणंद फोनवर आनंदानं ओरडली. “मुळं जागी होतायत, वहिनी!”

त्यात खोटं काहीच नव्हतं.

सोमवार उजाडला तरी नळ कोरडाच. प्रयोगशाळेच्या गच्चीवर स्वतःची टाकी होती. लवकर जाऊन तिथंच डोकं धुवावं, असं ताईंनी ठरवलं. निघताना त्यांनी सासूबाईंना मागून टॉवेल नीट खोचायला सांगितलं.

सासूबाईंचं रोज सकाळी दहापर्यंत मौन असे. पंचवीस वर्षांत ते एकदाच मोडलं होतं, तेही दूध उतू जाताना, आणि त्याबद्दल त्या दुसरा अख्खा दिवस गप्प राहिल्या होत्या. खुणा चालत, पण लिहिणं चालत नसे. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, असं त्या म्हणत, अर्थात दहानंतर.

त्यांनी टोपीची कड उचलली आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या. मग सुनेच्या पुढं येऊन त्यांनी तळहात जमिनीजवळ नेला आणि हळूहळू वर आणला.

“उठू? उठलेय की, आई.”

सासूबाईंनी मान हलवली. करंगळी दाखवली. डोक्याकडे बोट केलं. पुन्हा हात खालून वर नेला.

“वाढले? केस वाढले? तीन दिवसांत?” ताईंचे डोळे भरून आले.

सासूबाईंनी दोन्ही तळवे जोडून अलगद उघडले, दोन पानं उघडावीत तसे.

“नमस्कार कशाला, आई! आशीर्वाद तुम्हीच द्या.” असं म्हणून शंभरीताई वाकून पाया पडल्या आणि निघाल्या. घड्याळात आठ वाजले होते. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, तोही आवाज न करता.

प्रयोगशाळेच्या दारातच साहेब उभे होते, आणि शेजारी तपासनीसबाई. बाई ठरल्या वेळेपेक्षा तासभर आधी आल्या होत्या. बारीक अंगाच्या, गळ्यात भिंग अडकवलेलं, आणि बोलायच्या इतक्या हळू की समोरच्याला वाकावं लागे.

“हे डोक्याला काय, ताई?” साहेबांनी दात आवळून विचारलं.

“ओलं आहे, साहेब. दोन मिनिटांत धुऊन…”

“आता कुठं धुता? चला आत.”

साहेबांनी ऐटीत उगवणीचं कपाट उघडलं. सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच ते आणवलं होतं. उद्घाटनाची लाल फीत अजून दाराला लोंबत होती. आतून गरम झोत आला आणि बाईंचा चष्मा धुरकटला.

“एकही उगवलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“कारण आम्ही शोधून काढलंय!” साहेबांनी पाकीट पुढं केलं. “केस! ह्यांचे केस तुटून बशीत पडतात आणि बी कुजतं. पुरावे आहेत, अकरा. तारखांसकट.”

बाईंनी अकराही केस भिंगातून पाहिले. मग म्हणाल्या, “मूळ नमुना पाहू.”

“म्हणजे?”

“डोकं.”

गोदामातली पोती शंभरीताईंना समोर दिसायला लागली. त्यांनी टॉवेल सोडला. प्लास्टिकची टोपी काढली. तीन दिवस दाबून ठेवलेलं ते सगळं रान सुटकेचा श्वास घेऊन एकदम ताठ उभं राहिलं. पांढरे लुसलुशीत देठ, आणि प्रत्येकाच्या टोकाला दोन-दोन पिवळट पानं.

ताईंनी समोरच्या काचेत पाहिलं, आणि त्याच काचेत मागच्या भिंतीवरचा तक्ता उलटा दिसला. तो त्यांनी सतरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं रंगवला होता: ‘बी ओलं ठेवा. उबदार ठेवा. झाकून ठेवा.’

“मेथी?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“कुठली?”

“हीच. इथलीच. मेलेली.”

बाईंनी पिशवीतून स्वतःचा तापमापक काढला आणि कपाटात ठेवला. कपाटाचा काटा पंचवीस अंश दाखवत होता, तापमापक अठ्ठावन्न.

“हे उगवणीचं कपाट नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “भट्टी आहे.”

“पण बाईसाहेब, डोक्यावरचं काय धरायचं?” साहेब वाकून म्हणाले. “दाणे मोजलेत कुणी? मोजल्याशिवाय टक्केवारी नाही, आणि टक्केवारी नाही तर सिद्ध काय झालं? नियम आहे!”

“चारशे घेतले होते,” शंभरीताई खाली मान घालून म्हणाल्या. “बारा मिक्सरमध्ये गेले, सव्वीस जाळीत. डोक्यावर तीनशे बासष्ट.”

तपासनीसबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. “मग मोजणी होईल,” त्या म्हणाल्या. “पाचव्या दिवशी. आज शुक्रवारपासून चौथा. उद्या दुपारी मी येते. तोवर नमुना धुवायचा नाही, विंचरायचा नाही.”

त्यांनी ताईंना प्लास्टिकची टोपी पुन्हा घालायला लावली, तिच्याभोवती दोरा बांधला, लाख वितळवून मोहोर उठवली आणि कानाशी चिठ्ठी अडकवली.

ताई घरी पोचल्या तेव्हा नळ धो धो वाहत होता. नवऱ्यानं बादल्या, पातेली, फुलदाणीसुद्धा भरून ठेवली होती. “ये, ये! पाणी तापत ठेवलंय तुझ्यासाठी!”

“मला धुता येणार नाही,” ताई म्हणाल्या. “मी सरकारी नमुना आहे.”

“मी सकाळी हेच सांगत होते!” सासूबाई आतून कडाडल्या. त्यांना बोलायची सवलत मिळून बरेच तास झाले होते, पण ऐकायला सून आत्ता आली होती. “उगवलंय म्हटलं, करंगळीएवढं म्हटलं, पानं फुटलीत म्हटलं, आणि तू माझ्या पाया पडलीस!”

मंगळवारी दुपारी मोजणी झाली. स्वतःच्या डोक्यावरचं कुणाला मोजता येत नाही, आणि बाईंना फक्त देखरेख करायची होती. राहिले साहेब. अकरा वर्षांत त्यांनी दाण्याला हात लावला नव्हता. ते चिमटा घेऊन ताईंच्या खुर्चीमागं उभे राहिले आणि घाम पुसत एकेक रोप उपटू लागले. शंभरापर्यंत दोनदा चुकले. दोन्ही वेळा ताईंनी त्यांना न बघता अडवलं.

“तीनशे चाळीस. संपलं,” दोन तासांनी साहेब म्हणाले.

“डाव्या कानामागं एक राहिलंय, साहेब,” शंभरीताई अदबीनं म्हणाल्या.

राहिलं होतं. तीनशे एकेचाळीस. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. इतकं चांगलं बी त्या प्रयोगशाळेत कधी आलंच नव्हतं.

बाई अहवाल भरायला बसल्या. उगवणीचं माध्यम, ह्या रकान्यात ‘टिपकागद, वाळू, इतर’ असं छापलेलं होतं. त्यांनी ‘इतर’वर खूण केली. पुढं ‘इतर असल्यास तपशील’ होता. बाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ‘कर्मचारी’. साहेबांनी तयार ठेवलेला बदलीचा कागद त्यांनी मागितला, उभा फाडला आणि कपाटात टाकला. कोपरे लगेच वळून वर आले.

त्या संध्याकाळी शंभरीताईंनी सात बादल्या पाण्यानं डोकं धुतलं. पाच दिवस मेथीच्या त्या बुळबुळीत रसात मुरलेले केस सुकले आणि एकेक करून पूर्वीसारखे वळले. मऊ, दाट आणि कुणाचंही न ऐकणारे.

बुधवारी त्या कामावर आल्या तेव्हा टोपी पुन्हा होडीसारखी वर तरंगत होती. साहेबांनी टोपीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग दाराशी आणून ठेवलेल्या त्या उगवणीच्या कपाटाकडे पाहिलं, ज्यात आता सगळ्यांचे डबे गरम होत होते, आणि तोंड मिटलं.

तेव्हा साडेनऊ वाजले होते. दहा वाजले, तरी साहेबांचं मौन सुटलं नाही.