एका पायपात दोन लायनी

साहेबांची गाडी चिखलात रुतू नये म्हणून आबांनी सकाळीच वाट सारखी करायला जेसीबी बोलावला, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

साहेब म्हणजे दूध संघाचे आनंदराव. आबांची मुलगी कोमल पुण्यातली नोकरी सोडून वेल्ह्याजवळच्या वाडीत परतली होती आणि गोठ्याशेजारच्या खोलीत तिने स्वतःचा सर्व्हर मांडला होता. काही गावांच्या दुधाच्या नोंदी चाचणीसाठी त्यावर चालू होत्याच, आता डोंगरातल्या सगळ्याच गावांच्या चालवायला संघ तयार होता. अट एकच, लाईन तुटली तरी काम थांबता कामा नये. आज आनंदराव स्वतः येऊन वायर उपटून बघणार होते. काम मिळालं तर कोमल इथेच राहणार, नाहीतर एक तारखेला पुन्हा पुणं. आबांना सर्व्हरशी काही घेणंदेणं नव्हतं. पोरगी संध्याकाळी समोर बसून जेवते, यातच त्यांचं सगळं आलं.

कोमलने दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लायनी घेतल्या होत्या. एक बाजाराकडून येणारी, दुसरी खिंडीकडून. एक गेली की काम आपोआप दुसरीवर सरकायचं. आबांना या गोष्टीचं भारी कौतुक. वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर ओळखीचा माणूस दिसला की त्याला धरून ते सांगायचे, "आमच्या कोमलनं नेटच्या दोन लायनी ठिवल्यात. एक बैल बसला तर दुसरा उबाच." माणसाची एसटी निघून गेली तरी आबांचं सांगणं संपत नसे.

पण कंपन्यांची माणसं लायनी टाकायला आली त्या दिवशी कोमल भोरला गेली होती आणि घरी कारभारी आबा. खिंडीकडची वायर शेजारच्या गेनबाच्या बांधावरून यायची होती, आणि गेनबाशी त्यांचं त्याच बांधावरून बोलणं बंद. आबांनी सगळ्यांना पिठलं-भाकरी जेवू घातली आणि पंपाचा जुना काळा पाईप पुढे केला. "त्या बांधावरनं कशाला जाता? दोन्ही वायरी ह्याच पायपातनं न्या. भावंडं एका जागी बरी." भाकरी खाल्लेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. दारापुढच्या वाटेत पाईप पुरला गेला, वर माती ओढली गेली, आणि आबा ते विसरूनही गेले.

आज जेसीबीवाल्या कुंडलिकने यंत्राचे दात नेमके तिथेच घातले.

"आबा, ही मुळी कशाची वो? लई चिवट हाय," तो वरून म्हणाला, आणि एक हिसडा देऊन त्याने ती मुळी तोडली.

आबा खोलीकडे पळाले. कोमलने त्यांना शिकवून ठेवलं होतं, एक दिवा तांबडा झाला तर घाबरायचं नाही, दोन्ही झाले तर दुकान बंद समजायचं. दोन्ही तांबडे होते. कोमल साहेबांना आणायला वेल्ह्याला गेलेली, आणि तिला फोन करायचा आबांना धीर होईना.

आवाज ऐकून गेनबा बांधावर आला. आबा कुंडलिकला म्हणाले, "त्याला इचार, घरात चिकटपट्टी हाय का."

"त्यांना सांग," गेनबाही कुंडलिकलाच म्हणाला, "तार न्हाई ती, आत काच हाय. काच चिकटपट्टीनं जोडती व्हय?"

"मग त्यालाच इचार, कशानं जोडती."

"मला ठावं असतं तर म्या म्हसरं कशाला राखली असती?"

कुंडलिकने यंत्र बंद केलं आणि तो तंबाखू मळत बसला. तेवढ्यात लांबवर गाडी दिसली. वाट अर्धवट उकरलेली, त्यामुळे गाडी ओढ्यापाशीच थांबली आणि साहेब कोमलबरोबर नेमके चिखल तुडवत आले.

आता उरला एकच उपाय, साहेबांना खोलीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. आबांनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. मग म्हशी दाखवल्या, प्रत्येकीची आई-आजी सांगितली. पुन्हा चहा दिला. तोरणा तर साहेबांना तिन्ही बाजूंनी बघायला लावला. आनंदराव भला माणूस, पण तिसरा चहा आला तेव्हा त्यांनी कपाला हातसुद्धा लावला नाही.

"आबा, आता आधी ती वायर उपटतो. मग निवांत चहा घेऊ."

कोमल खोलीकडे निघाली तसे आबा दारात आडवे उभे राहिले. "सायेब, पोरीचा काय बी गुन्हा न्हाई. तिनं दोन वाटांनी लायनी आणल्या व्हत्या. म्या त्या एका पायपात घातल्या, आन् आज म्याच तोडल्या. काम देऊ नका म्हणा, पर तिला नावं ठिवू नका."

आनंदरावांनी तुळशीपाशी जाऊन, जिथे मोबाईलला जेमतेम रेंज येई तिथे उभं राहून, संघाच्या ऑफिसला फोन लावला.

"इकडचं काम सकाळपासून बंद आहे ना?"

"नाही साहेब. एकदाही थांबलं नाही. आत्ताच खिंडीपलीकडच्या गावाची नोंद आली."

आनंदराव फोनकडे बघत राहिले. "मग मी उपटू काय?"

तेव्हा कोमलने छपरावरची पांढरी थाळी दाखवली. वर डोंगराच्या धारेवर धनगरांची वस्ती, तिथे मोबाईलला झकास रेंज. तिथल्या सोजराबाईंच्या गोठ्यावर कोमलने सिमकार्डाचा डबा, सौर पत्रा आणि दुसरी थाळी बसवली होती. खालच्या दोन्ही लायनी गेल्या की काम हवेतून डोंगरावर चढायचं.

"म्या समजलो टीव्हीची हाय," आबा पुटपुटले.

"दोन लायनी असताना तिसरी कशाला?" आनंदरावांनी विचारलं.

"पाईप पुरलेला मला दुसऱ्या दिवशीच दिसला, साहेब."

"मग बोलली का न्हाईस?" आबा म्हणाले.

"काय बोलू? तुमी स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटला व्हता. तोंडघशी पडला असता."

आनंदराव हसले. तपासणी आबांनीच आपल्यापेक्षा कडक घेतली म्हणाले, काम कोमलला दिलं, आणि तो तिसरा चहाही घेतला.

साहेब गेल्यावर आबांनी डोळे पुसले. पण एक गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. "सोजराबाईच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. ती एवढे दिस गप कशी ऱ्हायली?"

"म्या तिला पायपाचं सांगितलं, आन् म्हणलं, आबांना कळलं तर ते तुमच्या गोठ्यापतुर बी मदतीला येतील."

दुसऱ्या दिवशी आबा वेल्ह्याच्या स्टँडवर हजर होते. समोर ओळखीचा रखमाजी एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा.

"दोन न्हाई रं, तीन लायनी ठिवल्यात पोरीनं," आबा छाती काढून सांगत होते. "त्यातली एक तर निस्ती माझ्यापास्नं वाचायला."